विचारा, सांगतो

प्रश्न: अमेरिकेत बहुमत असून पण पक्षाला स्वतःचंच बिल पास करता येत नाही, असं कसं काय? – एक वाचक, तासगाव

उत्तर: अहो, आपल्याकडं 1985 पासून पक्षांतरबंदी आहे, व्हिप मोडला की खासदारकी जायची भीती, तिकडं तसलं काही नाही, सिनेटर म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहाचा, सिनेटचा सदस्य, आपल्याच पक्षाला बिनधास्त नडतो. 2017 चंच बघा की, ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, मोडणार म्हणून रिपब्लिकनांनी वर्षानुवर्षं रान उठवलेलं, सिनेटमध्ये 100 पैकी 52 त्यांचेच, आणि मध्यरात्र उलटल्यावर त्यांचेच सिनेटर मॅकेन आले, अंगठा खाली केला, 49-51, खेळ खल्लास! त्यांच्याच पक्षाच्या कॉलिन्स, मर्कोव्स्की या दोघी पण विरोधात. एरवी बहुतेक बिलांवर नुसती चर्चा थांबवून मतदानाला यायलाच सिनेटमध्ये 60 मतं लागतात. आणि पक्ष एक असला तरी मतदारसंघ वेगळे ना, आपल्या सांगली जिल्ह्यातलंच बघा, जतला पाणी पाहिजे, पलूसला पुराची धास्ती.