बॉण्ड पेपरवरचा अंगठा आणि दादाचा हक्क

चि. स अनेक आशीर्वाद.

चिरेखाणीवरच्या अपघातात दोन बोटं गेल्यावर दादाने मालकाच्या बॉण्ड पेपरवर अंगठा दिला, लाख रुपये घेतले, म्हणून सगळं संपलं असं धरून बसू नकोस. 'यापुढे कसलीही मागणी करणार नाही' ही ओळ कायद्यापुढे टिकत नाही. नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून आली. दादाचा अपघात डिसेंबर 2024 चा, त्यामुळे त्याला 1923 चाच कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू. त्याचं कलम 17 हक्क सोडायला लावणारा करार रद्दबातल ठरवतं. कलम 28 प्रमाणे एकरकमी तडजोड मालकाने कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवायची असते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. राजापूरच्या चिरेखाणीवर लिहिलेला तो कागद आयुक्तांपर्यंत गेलाच नाही. अशा वेळी कलम 29 मालकाला पूर्ण रकमेला बांधून ठेवतं. आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर दिलेल्या लाखातले निम्मेच त्याला वजा करता येतात.

आता हिशोब. 600 रुपये रोज, 26 दिवस म्हणजे 15,600. पण पगार 15,000 पर्यंतच धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. त्याला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणायचं; तिशी पूर्ण झालेल्याचा गुणांक 207.98, म्हणून पूर्ण अपंगत्वाला 18,71,820. एका हाताची दोन बोटं गेली की कायद्याच्या परिशिष्टात त्याचे 20 टक्के, म्हणजे 3,74,364 रुपये. वर महिन्याभरात न दिल्याबद्दल 12 टक्के साधं व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलंय की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. दवाखान्याचं बिल वेगळं, ते यातून कापू देऊ नकोस.

मालक म्हणेल, 'तो मुकादमाचा माणूस.' कलम 12 खाली खाणमालकच जबाबदार. दादाचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड नाही ना, हे मात्र आधी बघ. असेल तर हा मार्ग बंद, मागणी तिकडेच.

आपली मागणीची नोटीस गेली की मालक नव्या तडजोडीला धावत येईल, तिथे जप. ती आयुक्तांकडे नोंदली गेली तर मागे फिरणं फार कठीण. उरलेल्या बोटांत ताठरपणा असेल, अजून शस्त्रक्रिया बाकी असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्व प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय आकडा मान्य करू नका.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे डिसेंबर 2026. उशिराला सबळ कारण दाखवलं तर आयुक्त अर्ज घेतात, पण त्या भरवशावर राहू नकोस. नोटीस स्पीड पोस्टाने पाठव, पोचपावती जपून ठेव. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, पोलीस जबाब आणि पगार आलेल्या फोनपेच्या नोंदी एका फाईलमध्ये लाव. पावसात खाण बंद झाली की मशीनवरचे साथीदार आपापल्या गावी जातात आणि हजेरीवहीही दिसत नाही. म्हणून वहीचे फोटो काढ, आणि दोघा साथीदारांचे पत्ते मे महिन्याच्या आत लिहून घे.