स्टिक आपोआप सरकते तेव्हा

गेम कंट्रोलरच्या स्टिकला हात न लावता गेममधलं पात्र डावीकडे चालायला लागलं, की लगेच नवा कंट्रोलर घेऊ नकोस. आधी गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही, ती हद्द) थोडा थोडा वाढव; किरकोळ झीज त्यात झाकली जाते. नाही भागलं तर कंट्रोलर बंद कर, स्टिक कलती धरून बुडाशी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोनच थेंब सोड, वीसेक वेळा गोल फिरव, अर्धा तास वाळू दे. (सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकटतं.) धूळ असेल तर फरक पडतो. पण पोटेन्शिओमीटरचा (स्टिकची हालचाल मोजणाऱ्या भागाचा) कार्बनचा पट्टाच घासला असेल, तर चार दिवसांत पुन्हा तेच. वॉरंटी असेल तर स्क्रू उघडूच नकोस. संपली असेल तर जुन्या स्टिकच्या जागी हॉल इफेक्ट मॉड्यूल बसव; ते चुंबकावर चालतं, घासायला पट्टाच नाही. डिसोल्डरिंग (डाख वितळवून जुना भाग काढणं) मात्र किचकट आहे, आणि नंतर कॅलिब्रेशन (स्टिकचा मध्य नव्याने ठरवणं) करावंच लागतं.