सरकारी उपचार मोफत असूनही विदर्भातल्या खेड्यांतली मुलं आजारपणात मागे का राहतात?

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. तपासणी मोफत, औषध मोफत, मग अडतं कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जवळून पाहिलेल्या एकाच आजारावरून सांगतो. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या पूर्व विदर्भात तो गावोगाव आहे, फक्त आदिवासी वस्त्यांतच नाही.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. पावसाळा लागला की तिची गैरहजेरी सुरू व्हायची. डोळे पिवळट, अंगकाठी चौथीतल्या पोरीएवढी. घरच्यांनी कावीळ समजून दोनदा झाडपाल्याचं औषध दिलं होतं. मी तिला आळशी समजत होतो आणि एकदा भर वर्गात तसं बोललोही. ते आठवलं की आजही जीव खाली-वर होतो. दर आठवड्याला बाकी मुलींसोबत तिलाही लोहाची निळी गोळी देत होतो, तरी हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, या मुलांच्या विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात. रक्त तयार होतं, पण टिकत नाही. नुसत्या लोहानं ते भरून कसं येणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या पथकातल्या मॅडमनी तिला हेरलं. रक्त तपासणीला गेलं, रिपोर्ट आला ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलचा आजार पक्का. आईबाप दोघंही ‘एएस’, म्हणजे वाहक. त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही, पण अशा जोडप्याला होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

इथपर्यंत सगळं नीट झालं. घोडं अडलं ते पुढे.

हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल रोज घ्यायची असते. तिनं दुखण्याचे झटके कमी होतात. पण पांढऱ्या पेशी उतरू शकतात म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं आणि वजन वाढलं की डोसही बदलावा लागतो. हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी, आमच्यापासून सत्तर किलोमीटरवर. सकाळी सहाची एसटी, तालुक्याला गाडी बदलायची, पोचेपर्यंत साडेदहा. चिठ्ठी, रांग, रक्त देणं. रिपोर्ट दुपारी मिळतो, तोवर औषधाची खिडकी बंद झालेली असते. उद्या या म्हणतात. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत प्रवास मोफत आहे, २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, तेव्हा भाड्याचं फारसं काही नाही. प्रश्न बुडालेल्या मजुरीचा आहे. रोवणीच्या दिवसांत हाताला काम असतं, त्यावर ते घर पुढचे कितीतरी महिने काढतं.

तिची आई मला म्हणाली, “गुरुजी, रोवणी सोडून गेली तं खाऊ काय? पोरगी आता बरी दिसून राह्यली.”

कॅप्सूल संपल्या. काही आठवड्यांनी एका रात्री हाडं दुखायला लागली. मी पोचलो तेव्हा पोरगी गोधडीचं टोक दातांत धरून पडली होती, रडायचीसुद्धा ताकद नव्हती. जवळच्या सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञाची जागा रिकामी. सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि पुढे पाठवलं. तेच सत्तर किलोमीटर.

नागपुरात राहणाऱ्या एसएस मुलाची आई हेच काम अर्ध्या दिवसात उरकून येते. आजार तोच, कॅप्सूलही तीच.

मुलगी असली की आणखी एक अडचण. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. पण मामानं सांगितलं, कुठं बोलू नका, उद्या हिचं लग्न जमणार नाही. वर्षभर कागद काढलाच नाही. मुलाच्या बाबतीत एवढी लपवाछपवी मी पाहिलेली नाही.

२०२३ च्या १ जुलैला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असं ठरलंय. तपासणी हवीच, तिच्यामुळेच ही मुलगी सापडली. पण एकदा सापडलेल्या पोराला महिन्या-महिन्याला औषध कोण पोचवणार, हे तितकंच महत्त्वाचं आहे. माझं म्हणणं साधं आहे. आमच्याकडे आठवडी बाजाराला सगळं गाव जातंच. महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवशी तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घ्या आणि पुढच्या महिन्याच्या कॅप्सूल हातात द्या. कोणाचीच मजुरी बुडणार नाही. तसा अर्ज मी दोनदा दिलाय, तिसरा लिहून ठेवलाय.

तोवर शाळेत जमतं तेवढं करतो. तिच्या बाकावर पाण्याची बाटली असते आणि तासाला कितीही वेळा लघवीला जायची मुभा आहे, कारण या मुलांना पाणी जास्त लागतं. भर उन्हात किंवा पावसात कवायत नाही. कपाटात थर्मामीटर आहे. या मुलांचा ताप अंगावर काढायचा नसतो, म्हणून अंग गरम लागलं की मी घरी निरोप धाडत बसत नाही, मोटरसायकल काढतो.