मॅसेडोनियन आणि शोना: मराठी माणसाला कोणती जवळची वाटेल?

तुम्ही विचारलंय की मॅसेडोनियन आणि शोना या भाषांची तुलना करायची तर कशी करायची, आणि मराठी माणसाला यातली कोणती सोपी जाईल. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही हे आधीच सांगतो. एक स्लाव्हिक, बल्गेरियन-सर्बियनच्या घरातली, सिरिलिक लिपीतली, उत्तर मॅसेडोनियात बोलतात. दुसरी आफ्रिकेतल्या बांटू भाषाकुळातली, झिम्बाब्वेतली सगळ्यात मोठी भाषा, थोडी मोझांबिकमधेही आहे, रोमन लिपीत लिहितात. कुळ बघितलं तर मॅसेडोनियन इंडो-युरोपियन म्हणजे लांबून का होईना आपल्या नात्यातली, शोना पूर्ण परकी. पण दोन्ही थोड्या थोड्या शिकल्यावर माझं मत असं झालंय की शब्द मॅसेडोनियनचे ओळखीचे निघतात, वागणं मात्र शोनाचं आपल्यासारखं आहे.

शब्दांचं पटकन उरकतो. ओगान म्हणजे अग्नी, मेद म्हणजे मध, नोव म्हणजे नवा. शिवाय तिथे शेकडो वर्षं ऑटोमन राज्य होतं, त्यामुळे तुर्कीतून आलेले दुक्यान, पाझार, शेक्येर, दुश्मान असे शब्द आहेत, ते तुम्हाला सांगायलाच नकोत.

आता शोना. तिथे नामांचे वर्ग असतात, वीसेक, आणि वर्ग कळतो तो शब्दाच्या पुढच्या टोकाला. चिगारो म्हणजे खुर्ची, झ्विगारो म्हणजे खुर्च्या. आणि मग तो झ्वि सगळ्या वाक्याला चिकटतो: झ्विगारो झ्विकुरु झ्विविरि झ्वाकावा, दोन मोठ्या खुर्च्या पडल्या. (झ्व मी आपला लिहायचा म्हणून लिहिलाय, खरा उच्चार ओठ गोल करून शिट्टी मारल्यासारखा असतो, तो ऐकूनच शिकावा लागतो.) इंग्रजीवरून आलेल्यांना हे बघून घाम फुटतो, पण "मोठ्या खुर्च्या पडल्या" यात आपण तरी दुसरं काय करतो, फक्त आपला बदल मागे होतो आणि त्यांचा पुढे. बाहेरून आलेला शब्दही सुटत नाही, स्कूलचं चिकोरो झालं आणि 'चि' दिसला म्हणून अनेकवचन आपोआप झ्विकोरो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आदर. मूल आलं तर म्वाना आउया, पण वडील आले तर बाबा वाउया, आणि हा 'वा' माणसांच्या अनेकवचनाचा. म्हणजे शब्दशः आपलं "बाबा आले", आणि बाबा हा शब्दसुद्धा तोच! (तो निव्वळ योगायोग, जगभर लहान मुलं असंच काहीतरी बोलतात, यावरून कुणी प्राचीन आफ्रिका-भारत संबंधाची थिअरी काढू नका प्लीज.) मॅसेडोनियनमधे समोरच्याला 'विए' म्हणून अहो-जाहो करतात, पण वडिलांबद्दल बोलताना एकवचनच. आणि शोनात सकाळी कुणी विचारलं नीट झोपलात का, तर उत्तर असतं न्दारारा काना मारारावो, तुम्ही झोपला असाल तर मीही झोपलो.

दुसरं, नाम एका वर्गातून उचलून दुसऱ्यात टाकलं की आकार बदलतो. म्वाना मूल, काम्वाना छोटंसं मूल. मुरुमे पुरुष, झिरुमे म्हणजे आडदांड बाप्या. आपण हेच लिंग बदलून करतो, सुरा-सुरी, डबा-डबी. घराचंही बघा, मुम्बा म्हणजे घरात आणि कुम्बा म्हणजे घरी, हा फरक मराठी माणसाला समजावावा लागत नाही.

उच्चारातही आपल्याला फुकटचा फायदा आहे. शोनात म्ह आणि न्ह आहेत, म्हुरी म्हणजे कुटुंब, न्हाऊ म्हणजे बातमी (आंघोळीशी संबंध नाही). त्यांचा साधा ब हवा आत ओढून काढतात, सिंधीत असतो तसा, म्हणून इंग्रजीतल्या ब साठी ते भ वापरतात, बस तिथे भाझि होते आणि बुक भुकु होतं.

मॅसेडोनियनवर अन्याय नको. तिने विभक्त्या जवळजवळ सगळ्या टाकून दिल्यात, रशियन शिकून दमलेल्याला ती सुट्टीसारखी वाटते. पण मागे लागणारी उपपदं तीन-तीन आहेत: क्निगाता म्हणजे ते पुस्तक, क्निगावा हे माझ्याजवळचं, क्निगाना ते तिकडे लांबचं. आणि एक झकास प्रकार आहे, मार्को दोयदे म्हटलं तर मार्को आला, मी पाहिलं. मार्को दोशोल म्हटलं तर मार्को आला म्हणे. आपला 'म्हणे' त्यांनी क्रियापदातच बसवलाय.

दोन्ही प्रमाणभाषा तशा अलीकडच्या. शोनाच्या झेझुरू, कारांगा, मान्यिका, कोरेकोरे, न्दाऊ या बोलींना एका लिखित भाषेखाली आणायचा आराखडा क्लेमेंट डोक या भाषातज्ज्ञाने 1931 च्या अहवालात मांडला. मॅसेडोनियनची वर्णमाला 1945 ला ठरली, ब्लाझे कोनेस्की त्या कामात पुढे होते. गंमत म्हणजे शोनात वेगवेगळ्या बोलीवाल्यांना सांगितलं की तुम्ही एक आहात, आणि मॅसेडोनियनवाल्यांना शेजारचा बल्गेरिया अजून सांगतोय की तुमची वेगळी भाषाच नाही, 2020 मधे तर यावरून युरोपियन युनियनमधल्या प्रवेशाची बोलणीच अडवली. कोकणी-मराठी वाद पाहिलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

शिकायचंच म्हणाल तर, घरी बसून पुस्तकावरून करणार असाल तर मॅसेडोनियन घ्या, 31 अक्षरं आठवड्याभरात बसतात, जसं लिहितात तसं वाचतात, आघात म्हणजे उच्चारातला जोरही बहुतेक शब्दांत शेवटून तिसऱ्या स्वरावर ठरलेला. शोनात स्वरांचे चढउतार अर्थ बदलतात आणि ते लिहीत नाहीत, त्यामुळे बोलणारं माणूस हाताशी हवंच. ते असेल तर मी डोळे झाकून शोना म्हणेन, आणि शब्द पाठ करताना एकवचन-अनेकवचन जोडीनेच करा, चिगारो-झ्विगारो असं, नाहीतर पुढचं सगळं वाक्य कोलमडतं.