सुई-दोरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो. साशिकोचं, म्हणजे जपानी धावदोऱ्याच्या भरतकामाचं, सामान आणलंय, पण दोन लहान मुलांत सलग वेळच मिळत नाही.

उत्तर: सलग वेळ हवाय कशाला? हानाफुकिन घे. साराशी म्हणजे साध्या पांढऱ्या सुती कापडाची दुहेरी घडी, साधारण ३४ सेंटिमीटर चौरस. आपलं ओट्याचं फडकंच म्हण. नक्षी छापलेलंच आण, रात्री आखणी करत डोळे फोडू नकोस. सुईवर पाच-सहा टाके एकदम भर, दोरा ओढ आणि बोटांनी कापड सारखं कर, नाहीतर चुण्या पडतात. कुकरमध्ये भात शिजेपर्यंत एक ओळ सहज होते. आसानोहा ही हेम्पच्या पानाची नक्षी बाळांच्या कपड्यांवर परंपरेने शोभते खरी, पण कोपरे फार. आधी सरळ रेघांची नक्षी कर. आणि उठताना सुई डब्यात, झाकण घट्ट. धाकटा रांगतोय ना?