ट्रायबल कॉलेजातली उन्हाळी इंटर्नशिप घ्यावी की मोठ्या विद्यापीठाच्या लॅबमधली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात फॉरेस्ट्री शिकताय, उन्हाळ्यासाठी दोन ठिकाणं समोर आहेत. एक मोठ्या विद्यापीठाची लॅब. दुसरी कॉलेज ऑफ मेनॉमिनी नेशन या, तिथल्या मेनॉमिनी आदिवासी जमातीच्या कॉलेजातली फॉरेस्ट इकॉलॉजी आणि शाश्वततेची इंटर्नशिप. आणि घरचे म्हणतायत, "त्या एवढ्याशा कॉलेजचं नाव रिझ्युमेवर कोण बघणार?"

मेनॉमिनीला जा. घरच्यांचं ते वाक्य मला फार लागलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

मी धानोरा तालुक्यातला, जिल्हा गडचिरोली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि मामा वनखात्यात, क्षेत्र सहायक म्हणून निवृत्त झाले. दिवाळीत दोघं एका पंगतीला बसले की वाद ठरलेलाच. 2009 साली आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून तर फराळाची ताटं तशीच राहायची. मामांचं म्हणणं एकच: "लोकांच्या हाती जंगल दिलं की दहा वर्षांत मैदान. जंगल आणि कुऱ्हाड एका हातात द्यायची नसते." बाबा चिडायचे, पण त्यांच्याकडे आकडे नसायचे. मामांकडे कार्य आयोजनेतले, म्हणजे वनखात्याच्या वर्किंग प्लॅनमधले, आकडे तोंडपाठ असायचे, त्यामुळे जिंकायचे तेच. मी विस्कॉन्सिनला एमएस करायला आलो तो हा वाद डोक्यात घेऊनच. माझ्या प्राध्यापकांचं या कॉलेजबरोबर मोजणीचं काम चालू होतं, त्यामुळे एक उन्हाळा तिथल्या इंटर्न मुलांबरोबर जंगलात काढायला मिळाला.

तुम्ही फॉरेस्ट्रीचे आहात, म्हणजे मेनॉमिनींचं जंगल ऐकून माहीत असेलच. सॅटेलाइटच्या चित्रात ते लगेच सापडतं. भोवती शेतं, आणि मध्ये रिझर्व्हेशनच्या, म्हणजे जमातीच्या राखीव जमिनीच्या, हद्दीबरहुकूम कापल्यासारखा गडद हिरवा चौकोन. सुमारे 2 लाख 35 हजार एकर, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1854 च्या वुल्फ नदीच्या करारानंतर ही एवढीच जमीन त्यांच्याकडे उरली. तेव्हापासून आजवर त्यांनी या जंगलातून दोन अब्ज बोर्ड फुटांहून (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी) जास्त लाकूड काढलं आहे, आणि तरी आज उभं असलेलं लाकूड 1854 पेक्षा जास्त आहे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आधी बाबांना फोन लावला.

आणि हे काही "आदिवासी निसर्गपूजक असतात, त्यामुळे झाड तोडत नाहीत" असलं प्रकरण नाही. असल्या कौतुकाची मला चीड आहे. ते तोडतात. नियोपिटला त्यांची स्वतःची आरा गिरणी आहे, 1908 च्या कायद्यानंतर उभी राहिलेली. त्याच कायद्याने वर्षाला 2 कोटी बोर्ड फुटांची कमाल मर्यादा घातली होती. साखर मेपलच्या जंगलात ते निवडून एकेक झाड काढतात, व्हाइट पाइनसाठी वरचं छत्र हळूहळू विरळ करतात, आणि अ‍ॅस्पेनला ऊन लागतं म्हणून तिथे सरसकट तोडही करतात. कुठे काय करायचं हे जमीन बघून ठरतं. जमीन ओळखायची तर खाली उगवलेला बारीक झाडोरा बघायचा. पहिल्याच आठवड्यात इंटर्न मुलांना गुडघ्यावर बसवून हेच शिकवतात. बोटभर उंचीचं, दोन-तीन पानांचं मायँथेमम नावाचं रोपटं कुठे दाट आहे, कुठे विरळ, यावरून तिथे हेमलॉक आणि मेपल नांदेल की नाही हे ती मुलं सांगतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण एखाद्याला चालता चालता, खाली नजर टाकून, "इथे पाइन लावू नका" असं म्हणताना तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो सांगतो.

त्यांच्याकडे कायमचे मोजणी-प्लॉट आहेत. तीच झाडं दर काही वर्षांनी पुन्हा मोजायची. प्रत्येक झाडाला नंबराचा बिल्ला, आणि साडेचार फुटांवर रंगाची खूण, म्हणजे पुढच्या वेळी टेप बरोबर त्याच जागी बसावी. आमच्या गटात एक बाई होती, पस्तिशीची, दोन मुलांची आई. या कॉलेजांत असे विद्यार्थी पुष्कळ असतात, बारावीनंतर थेट आलेलेच असतात असं नाही. तिने एका जाड साखर मेपलला टेप लावली, खालचं शेवाळ अंगठ्याने बाजूला सारलं, बिल्ला वाचला आणि व्यास ओरडून सांगितला. दुसरा मुलगा क्लिपबोर्डवरच्या जुन्या नोंदींच्या प्रतीत आधीचा आकडा शोधत होता. तो सापडला. शेजारी नोंद घेणाऱ्याची आद्याक्षरं होती. तिने ती बघितली आणि अगदी सहज म्हणाली, "हे माझे आजोबा."

तिचे आजोबा त्या काळी मोजणीच्या टोळीवर होते. ते झाड त्यांनी मोजलं, आता ती मोजत होती, आणि अजून शंभरेक वर्षं ते तोडीला यायचं नाही असंही होऊ शकतं. तिच्यासाठी यात विशेष काही नव्हतं. आकडा लिहिला, पुढच्या झाडाकडे गेली.

त्या रात्री मी मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर मामांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला, "वर्किंग प्लॅन आहे का त्यांचा?" आहे म्हटलं. "मार्किंग कोण करतं?" म्हणजे तोडायच्या झाडांवर खुणा. त्यांचेच लोक. "आणि चोरटी तोड?" मग मी विचारलं, "मामा, तुम्ही एवढी वर्षं नोकरी केलीत. एकच झाड दोनदा मोजलंय का कधी?" मामा गप्प झाले. तीन वर्षांनी बदली. आज सिरोंचा, उद्या आलापल्ली, परवा वडसा. मामा प्रामाणिक माणूस, कुणाची पै खाल्ली नाही, वणव्यात रात्र रात्र उभे राहिलेत. पण त्यांनी मार्किंग केलेल्या कूपात, म्हणजे तोडीच्या पट्ट्यात, पुढे काय उगवलं हे त्यांना कधी बघायलाच मिळालं नाही. सागाचं झाड तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षं आणि साहेबाची मुदत तीन. माझ्या मते जंगलाचा सगळा प्रश्न इथेच आहे. जंगल त्याच्याकडे असावं, ज्याला तेच झाड पुन्हा बघायचंय. लॅबमध्ये बसून हे कळत नाही, म्हणून तुम्हाला तिकडे जा म्हणतोय.

मामांचं पुढचं म्हणणं असं की हे अमेरिकेत चालतं, तिथे माणसं कमी, पैसा जास्त. थोडंफार खरं आहे. पण मेनॉमिनींना हे कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. 1908 च्या कायद्यानंतर त्यांच्याच जंगलात सरकारी देखरेखीखाली सरसकट तोड झाली. त्यांनी सरकारवर दावा लावला, आणि 1951 साली 85 लाख डॉलर नुकसानभरपाई मिळवली. लगेच 1954 मध्ये संसदेने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून घेण्याचा कायदा केला. तो 1961 साली अमलात आला. रिझर्व्हेशनचं साध्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, रूपांतर झालं, कर भरायला पैसे नाहीत म्हणून तळ्याकाठची जमीन बाहेरच्यांना बंगल्यांसाठी विकावी लागली. अ‍ॅडा डीअर या मेनॉमिनी कार्यकर्तीने आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी वॉशिंग्टनपर्यंत धडका मारल्या, तेव्हा 1973 च्या डिसेंबरात मान्यता परत मिळाली. एवढ्या सगळ्यातून जंगल टिकलं. कॉलेज निघालं ते 1993 साली, केशीना गावात, आणि त्यांची शाश्वत विकास संस्थाही त्याच वर्षीची. म्हणजे ज्यांना "एवढंसं कॉलेज" म्हणतायत त्यांच्या पाठीशी दीडशेहून जास्त वर्षांचं वनव्यवस्थापन आहे. किती विद्यापीठांना हे सांगता येईल?

आणि पुरावा पाहिजे असेल तर निकोलस रिओ आणि डोनाल्ड वॉलर यांचा 2018 चा अभ्यास वाचा, विस्कॉन्सिनमधल्याच आदिवासी जंगलांवरचा. आदिवासींच्या ताब्यातल्या जंगलात शेजारच्या जंगलांपेक्षा झाडं मोठी, नवी रोपं जास्त, बाहेरून घुसलेल्या वनस्पती कमी. कारणांत हरणं येतात. तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणं बेसुमार झाली आहेत, हेमलॉकचं रोप गुडघ्यापर्यंत येऊ देत नाहीत. आदिवासी भागात शिकार होते, त्यामुळे रोपांना वाढायला वाव मिळतो. मी हे मामांना पाठवलं. त्यांनी वाचलं, आणि मेंढ्याबद्दल बोलताना हल्ली "बघू" म्हणतात. आधी "मैदान" म्हणायचे.

मेंढ्याच्या बाबतीत तर ते बघून झालेलंच आहे. 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले होते. बांबू ग्रामसभेने विकला, जंगल जागेवर आहे. आमच्याकडे अजून नाही ते एवढंच: त्या गावातल्या पोरांना आपलंच जंगल मोजायला शिकवणारं आणि उन्हाळाभर त्याचे पैसे देणारं कॉलेज. आमची पोरं उन्हाळ्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला जातात, सत्तर पानांचा पुडा बांधतात. पुढच्या वर्षी चांगलं पान यावं म्हणून झुडूप कधी छाटायचं, हे त्यांना कुठल्याही बीएस्सीवाल्यापेक्षा चांगलं कळतं. कॉलेजात गेल्यावर मात्र त्यांनाच सागाची व्याख्या पाठ करायला लावतात. याचा मला रोज राग येतो.

तर रिझ्युमेचं. मुलाखतीत मला लॅबमधल्या कामाबद्दल फारसं कुणी विचारलं नाही, मेनॉमिनीबद्दल हटकून विचारलं. फॉरेस्ट सर्व्हिसची माणसं, लाकूड कंपन्यांची माणसं, सगळे त्या जंगलाला ओळखून असतात. पण नाव म्हणून जाऊ नका.

आधी सांगायला हव्या होत्या अशा काही गोष्टी. तुम्ही एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सीपीटी, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, लागेल, आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. ज्या जागा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या आरईयू या विद्यार्थी-संशोधन योजनेच्या पैशातून भरतात तिथे फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाले चालतात, म्हणून पैसा कुठून येतोय हे पहिल्या मेलमध्येच विचारा. शिवाय ही कॉलेजं मुळात त्यांच्या मुलांसाठी आहेत. त्यांच्या मुलाची जागा अडवून जाऊ नका. जागा नसेल तर तुमच्या प्राध्यापकांमार्फत जोडकाम मिळतं का बघा, मी तसाच गेलो. पेपर छापायच्या घाईने जाणार असाल तर लॅबच बरी. तिथला डेटा जमातीचा आहे, त्यांच्या परवानगीशिवाय एक ओळ छापता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुणी म्हाताऱ्या माणसाने एखादी वनस्पती कशाला वापरतात हे सांगितलं, तर वही काढायच्या आधी विचारा.

गाडी लागते. ड्रायव्हिंग शिकून घ्या. जूनमध्ये डास आणि गोचिडी भयंकर, मोजे पँटवर ओढून घ्यायचे आणि रात्री अंग तपासायचं, गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम आजार थट्टेचा विषय नाही. अ‍ॅशच्या झाडांवर काम मिळालं तर सोडू नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा ती झाडं मारणारा किडा 2008 साली विस्कॉन्सिनात सापडला. इंग्रजी डी अक्षरासारखं बारीक भोक, साल सोलली की आत नागमोडी बोगदे. काळ्या अ‍ॅशच्या पट्ट्यांपासून तिथल्या कैक जमाती टोपल्या विणतात, त्यामुळे हे झाड गेलं तर पुष्कळ काही जाईल. तिथली मुलं त्यावर जे काम करतात ते परीक्षेसाठी करत नाहीत.

मेनॉमिनीत नाहीच जमलं तर मोंटानातल्या सेलिश कूटनाय कॉलेजात फॉरेस्ट्रीची पदवी आहे, वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थवेस्ट इंडियन कॉलेजात पर्यावरण विज्ञानाची आहे, तिथेही विचारा. उन्हाळ्याचे अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच बंद होतात. घरच्यांचं मन वळवत बसू नका, आधी मेल टाका.