हेमँजिओमा: आईचं काही चुकतं का?

तुमची मुलगी साडेतीन आठवड्यांची, कमी दिवसांची, जन्माचं वजन 1,600 ग्रॅम, आणि खांद्यावरचा लाल ठिपका रोज थोडा पसरतोय. गरोदरपणात माझं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, काहीही चुकलेलं नाही. हेमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी, कॅन्सर नसलेली लाल गाठ. ती खाण्यापिण्याने, दगदगीने, मनस्तापाने होत नाही. मी हेच तीन डॉक्टरांना विचारलं होतं. तिघांचं उत्तर एकच होतं, तरी मनाला पटायला कितीतरी महिने गेले.

शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी मात्र आहेत, आणि त्यात सगळ्यात वजनदार म्हणजे जन्माचं कमी वजन. एरवी शंभर बाळांत चार-पाच जणांना हेमँजिओमा होतो. एक किलोच्या आतल्या बाळांत जवळपास चारातल्या एकाला. वजन 500 ग्रॅमनी कमी असलं की शक्यता साधारण 40 टक्क्यांनी वाढते, असं एका अभ्यासात दिसलं होतं. मुलींना मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो. जुळी बाळं, आईचं वाढलेलं वय, गरोदरपणातलं वाढलेलं बीपी, वार खाली असणं, गोरी त्वचा, घरात आधी कोणाला झालेला असणं, हेही त्यात येतं. यातलं एकही नसताना झालेली बाळंही भरपूर आहेत.

वारेला रक्तपुरवठा कमी पडून बाळाला ऑक्सिजन कमी मिळणं, याच्याशी संबंध असावा असं मानतात. तुमच्या हातात त्यातलं काही नव्हतं.

हातात आहे ती वेळ. माझ्या मुलीच्या वरच्या पापणीवर जन्मतः फक्त फिकट डाग होता, बोटाने दाबून धरल्यासारखा. तिसऱ्या आठवड्यात त्यात बारीक लाल ठिपके आले, सहाव्यात पापणी अर्धी मिटायला लागली. 'वर्षभरात जाईल, थांबा' असं एका ठिकाणी सांगितलं होतं. मी थांबले नाही, याचं आजही समाधान आहे. बाळ पाच ते सात आठवड्यांचं असताना वाढ सगळ्यात वेगात होते आणि तीन महिन्यांपर्यंत बहुतेक आकार येऊन जातो. डोळा, नाक, ओठ, हनुवटी-जबडा, कंबरेचा मणका, लंगोटाची जागा, इथला असेल तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अंगावर पाच किंवा जास्त असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात.

आम्हाला प्रोप्रॅनोलॉल दिलं, हे मुळात हृदयाचं आणि बीपीचं औषध. 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांना त्याने हेमँजिओमा आक्रसतो हे योगायोगानेच कळलं. दूध पाजूनच द्यायचं. बाळ दूध घेत नसेल किंवा उलट्या होत असतील तर डोस न देता डॉक्टरांना फोन करायचा, कारण रक्तातली साखर उतरू शकते.

तुमच्या मुलीचा एकटा, खांद्यावरचा आहे. बहुधा औषध लागणार नाही. तरी या आठवड्यातच दाखवून घ्या. दर रविवारी त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. आमच्या डॉक्टरांनी आधी ते फोटो पाहिले, मग मुलीला. वरची कातडी करडी-पांढरी पडली किंवा चिरली तर त्याच दिवशी जा.